पडदा कुठे लावायचा

प्रिय गॉर्डी,

तू शनिवारी पडदा आणि प्रोजेक्टर गाडीत घालून येतोयस, असं लायल म्हणाला. म्हणजे त्याचं बोलायचं यंत्र म्हणालं. मला आधी विचारायची पद्धत तुम्हा मेहुण्या-मेहुण्यांत कधीच नव्हती, तेव्हा आता कुठून असणार! ये बाबा. ग्रीन बेहून निघताना टायर बघून घे, इकडे परवापासून बर्फ पडतोय. पण निघायच्या आधी हे पत्र नीट वाच आणि वाचलंस हे त्याला कळू देऊ नकोस. फोनवर बोलले असते, पण घर एवढंसं आणि त्याचे कान अजून तिखट. बाकी सगळं गेलं, कान तेवढे शाबूत आहेत.

तळघराचं हे वेड तूच लावून दिलंस, आठवतंय ना? लायल खाणीतून निवृत्त झाला त्या वर्षीचं थँक्सगिव्हिंग. टर्की चावत तो म्हणाला, आता भिंतभर पडदा लावून बर्फावरची हॉकी बघणार. तू म्हणालास, "भिंतभर लाव आणि मान मोडून घे, म्हाताऱ्या! आधी खुर्ची कुठे ते ठरव, मग पडदा केवढा ते ठरतं." झालं! जेवण राहिलं बाजूला, दोघं टेप घेऊन खाली. बारा फुटांवर खुर्च्या, दहा फुटी पडदा, बसणाऱ्याचे डोळे पडद्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाशी यायला हवेत. तू शाळांमधून, चर्चमधून हेच करत आलास, तुला हे तोंडपाठ. प्रोजेक्टर मात्र नेमका घर तापवायच्या भट्टीच्या गरम हवेच्या नळाखाली यायला लागला, त्यावरून तुमची जुंपली ती पाय थंडगार होईपर्यंत. जमिनीवर दोन खुर्च्यांच्या खुणा निळ्या चिकटपट्टीने केल्या, भिंतीवर पडद्याची चौकट केली. मी वरून ओरडले, खाली चर्च बांधताय का? मला तेव्हा किती राग आला होता, आणि आता वाटतं, तो दिवस कुणीतरी परत आणून द्यावा.

मग त्याच्या हातून कप पडायला लागले. हात गेले, पाय गेले, आवाज गेला. डोकं मात्र जागच्या जागी, हीच या आजाराची खुनशी गोष्ट. गेल्या वसंतापासून तो तळघराचा जिना उतरलेला नाही आणि आता तर पलंगही सोडत नाही. डोळ्यांनी एकेक अक्षर वेचतो, मग ते यंत्र बातम्या दिल्यासारखं बोलतं. टोमणा मारता येत नाही बघ त्याला. माझ्या नवऱ्याचे टोमणे गेले, गॉर्डी. सदतीस वर्षं ज्यांनी माझ्या नाकात दम आणला, तेच आठवून आता मी भांडी घासताना रडते.

पण तळघराचा नाद सुटला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तसं चाललंय. तो वर पलंगावर, मी खाली फोन धरून, आणि यंत्र सांगतंय, पट्टी डावीकडे घे, नळापासून लांब घे. मी मुकाट्याने करत राहिले. मला वाटायचं, बिचाऱ्याला अजून आशा आहे, जिन्याला सरकती खुर्ची बसवू, खाली जाऊ. कोणत्या तोंडाने सांगणार की बाबा रे, नाही जमणार? एकदा त्याने दुसऱ्या खुर्चीची खूण काढायला लावली आणि उरलेली बरोब्बर मध्यावर घ्यायला लावली. मला वाटलं, चाकाच्या खुर्चीला जागा करतोय. मी खूण खरवडून काढली आणि कपडे धुवायच्या मशीनपाशी बसून हमसून हमसून रडले. मशीन चालू ठेवलं होतं, म्हणजे वर ऐकू जाऊ नये.

मागच्या आठवड्यात त्याने पडद्याची सगळी चौकट खाली घ्यायला लावली. पाच इंच! मी वाकून वाकून पट्ट्या लावल्या, कंबर मोडली, म्हणून जुनी खुर्ची ओढली, खुणेवर ठेवली आणि बसले. तुला माहीत आहे, मी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. रोज सकाळी आधीच्या ड्रायव्हरची सीट आणि आरसा माझ्या उंचीला लावून घ्यायचे. कुठली गोष्ट कुणाच्या डोळ्यांना लावली आहे, हे मला बसल्या बसल्या कळतं. पहिल्या चौकटीकडे बघायला मला हनुवटी वर करावी लागायची, कारण ती ताडमाड लायलच्या डोळ्यांची होती. ही माझ्या डोळ्यांची होती. एक खुर्ची, मध्यभागी, आणि ती माझी.

मी वर गेले आणि विचारलं, हे काय चालवलंयस? तो कितीतरी वेळ अक्षरं वेचत होता. मग यंत्र म्हणालं, "बसणार तू आहेस. आपल्याकडचा हिवाळा मोठा असतो." मी त्याला काय काय बोलले ते लिहिता यायचं नाही. मेल्या, मला तुझ्यावाचून हॉकी बघायला बसवतोस काय, इथपासून सुरुवात झाली. त्याला उत्तर देता येत नव्हतं आणि मला थांबता येत नव्हतं. शेवटी मीच त्याच्या छातीवर डोकं ठेवलं. ती छाती आता किती थोडी हलते, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमधला प्रोजेक्टर मागून आणला, कपड्यांच्या टोपलीवर तोंड छताकडे करून उशाशी ठेवला आणि छतावर सामना लावला. चित्र उलटं! सगळे खेळाडू वटवाघळांसारखे लटकलेले. लायल हसला, गॉर्डी. आता हसणं म्हणजे नाकातून थोडी हवा आणि डोळ्यांतून पाणी एवढंच, पण तो हसला. मी टोपली फिरवून चित्र सुलटं केलं. आपलं छत ते जुनं, पॉपकॉर्न फासल्यासारखं खरखरीत, चकती कुठे दिसते कुठे नाही. तरी त्याने पूर्ण सामना पाहिला. मी त्याच्याशेजारी आडवी झाले, दोघांचे डोळे एकाच उंचीवर. मी म्हटलं, गॉर्डीला सांगून इथेच पडदा लावू या, छताला. यंत्र म्हणालं, "नको. छताला भोकं पडतील. नंतर तुला रोज दिसत राहतील." वाद घालायची ताकद माझ्यात उरलेली नाही आणि आशा तर नाहीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की डोळे शेवटपर्यंत साथ देतात, पण श्वास फार दिवस टिकायचा नाही. पुढचं थँक्सगिव्हिंग तो बघणार नाही, हे तुला मीच सांगितलेलं बरं.

म्हणून हे पत्र. तो दहा फुटी पडदा आणू नकोस, परत कर. उशीवरच्या डोळ्यांपासून छत पाच फुटांवर आहे, मी आडवी पडून मोजलंय. तुझ्याच हिशेबाने तिथे पन्नास इंची पडदा लागेल, चुकत असेन तर तू बघ. त्याला काहीही खोटं सांग, तळघरात ओल आहे म्हण, नळ आड येतोय म्हण, तुझ्यावर त्याचा विश्वास बसेल. तो चिडेल, चिडू दे. एकट्या खुर्चीची ती खोली मला नको, खाली जाऊन सगळ्या पट्ट्या मी उपटून टाकणार आहे. इथे लाव, आमच्या पलंगाच्या वर छताला, दोघांना दिसेल असा. आणि भोकांची काळजी करू नकोस. चांगले लांब स्क्रू आण आणि खोल भोकं पाड. नंतर पडदा काढायला तूच ये, पण भोकं बुजवू नकोस. मला ती रोज दिसायला हवी आहेत.

तुझीच थोरली बहीण,
डोरीन