एकोणिसावी फाइल

प्रिय ताई,

परवा तुझा फोन आला तेव्हा ‘बघू डॉक्टर काय म्हणतात’ एवढंच बोललो आणि मीटिंगचं निमित्त सांगून फोन ठेवला. मीटिंग वगैरे काही नव्हती. बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितोय.

आईने दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेल्या तिच्या आत्मचरित्राच्या त्या एकोणीस फायली आठव. एका प्रकरणाची एक फाइल, सगळ्या जुन्या फाँटमधल्या, आणि छापून येईपर्यंत कुणी वाचायचं नाही हा तिचा हट्ट. तू एकेक उघडून चिकटवत बसणार होतीस. मी हसलो होतो. म्हटलं, फायली मला पाठव; कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आज्ञांच्या दोन ओळी टाइप करायच्या: पहिलीने सगळ्या फायली आजच्या युनिकोड अक्षरांत येतात, दुसरीने सगळ्या जोडून पुस्तक. तिच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या फायली उडवून टाक, उगाच गोंधळ होतो, हा शहाणपणाही माझाच. तू बिचारीने ऐकलंस.

पहिली ओळ छान चालली, जुन्या फायलींच्या जागीच नव्या झाल्या. मग जोडलेल्या पुस्तकाला मी ‘आई’ असं नाव दिलं. माझ्या जन्मावरच्या प्रकरणाच्या फाइलचं नावही तेच होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ती ओळ आधी त्या नावाची फाइल कोरी करते आणि मग तिच्यात बाकीच्या ओतते. अठरा प्रकरणं जोडली गेली, एक पुसलं गेलं. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी बजावतात अशी ही चूक. ते परत मिळवायला दोन दिवस खटपट केली, काही हाती लागलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमच्यापुढे इतकी फुशारकी मारलेली! त्या प्रकरणाच्या जागी मी आईच्या नावाने सहा पानं स्वतः लिहिली. माझ्यासाठी आईने टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी हसत हसत सोडली, असं. मला ते तसंच असायला हवं होतं, ताई. पुस्तक आल्यावर तू म्हणालीस, हेच प्रकरण सगळ्यात छान उतरलंय. ते कौतुकही मी निमूट गिळलं. लाज वाटते.

आणि आता तू सांगतेस, ती पानं वाचल्यापासून आई स्वतःवरच संशय घेते. छापलंय म्हणजे मीच लिहिलं असणार, पण आठवत कसं नाही, म्हणते. चार-चारदा गॅस तपासते, घराची किल्ली तुझ्या हवाली केली, आणि पुढच्या आठवड्यात तू तिला विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे नेणार. ती वेळ रद्द कर. आईचं डोकं ठणठणीत आहे. मी रविवारी येतोय, तिला मीच सांगणार. तोवर तिची किल्ली तिला परत दे. नोकरी सोडताना तिला खरं काय वाटलं होतं, ते तिच्या तोंडून समोर बसून ऐकणार आहे, माझ्याबद्दल काहीही निघालं तरी.

तुझाच,
दीडशहाणा भाऊ