पकडीआधी सॉरी

लंडन, रविवार दुपार

आई, तुझ्या थोरल्या गुंडाकडून तुला घट्ट मिठी.

सिनेमा लागला! काल दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसून पाहिला.

माझा प्रसंग ऐक. एका माणसाला खुर्चीला बांधलंय आणि मी पक्कड घेऊन त्याची बोटं मोडायला येतो. शूटिंगच्या वेळी माझा बुटातला पाय त्याच्या पायावर पडला आणि तोंडून आपसूक निघालं, "अरे, सॉरी हं! लागलं का?" तो बांधलेला माणूस म्हणतो, "छे छे, माझाच पाय मध्ये होता."

मला वाटलं, गेलं काम. पण आमच्या दिग्दर्शिका रोवेना बाई म्हणाल्या, "रसेल, हेच ठेवायचं. असला गुंड फक्त आपल्या इंग्लंडातच पिकतो."

काल त्या सॉरीला अख्खं थिएटर खदखदून हसलं आणि मी पक्कड उचलल्यावर चिडीचूप झालं. शेजारची म्हातारी पुटपुटली, "मेला किती वळणाचा आहे!" माझी छाती फुगली, आई. वळण तुझं ना!

माझा गुडघा आता बरा आहे. पुढचं काम अजून नाही, पण मिळेल. धाकट्या ग्लेनिसचा खोकला थांबला का?

तू म्हणालीस, "घरात एक खरा गुंड नवरा म्हणून पाहिला, तेवढा पुरे." म्हणून सिनेमाला ये म्हणत नाही. पण तिकडे ग्रिम्सबीत कुणी शेजारी म्हणालं, "पोरगा अगदी बापावर गेलाय," तर खुशाल सांग, "चेहऱ्याने गेलाय. सॉरी म्हणण्यात माझ्यावर गेलाय."

तुझाच,
रसेल