गालिच्यावरचा श्वास

बाबा, गेल्या महिन्यात एका मुलीनं तुमचा श्वास पुसून टाकला. वाईट हेतूनं नाही. उलट आपण तुमची अब्रू वाचवतोय असंच तिला वाटत होतं. तुम्ही असतात तर तिला घरी बोलावून साबुदाणेवडे खायला घातले असतेत आणि आईला म्हणाला असतात, "बघ, जगात अजून चांगली माणसं आहेत." मी मात्र तिथे वाद घालून आले. सगळं सांगते, पण पहिल्यापासून, म्हणजे गालिच्यापासून.

मंडईच्या मागचं आपलं बिछायतीचं दुकान मला नीट आठवतं. लग्नामुंजींना भाड्यानं जाणाऱ्या गाद्या, लोड, सोफे, झुंबरं आणि त्या सगळ्यांवर पसरलेला डांबरगोळ्यांचा वास. तो प्रसंग घडला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, तरी तो इतक्यांदा ऐकलाय की मी तिथेच उभी आहे असं वाटतं. तुम्ही पंचविशीचे आहात. कुणीतरी एका रहस्यकथेवर मराठी चित्रपट काढतंय आणि त्यांना श्रीमंताचा दिवाणखाना हवाय. तुम्ही हातगाडीवर सोफा, झुंबर आणि आजोबांचा लाडका लाल गालिचा घेऊन जाता, सामान मांडून देता, आणि निघणार एवढ्यात एक माणूस बादलीत लाल रंग कालवताना दिसतो.

"हे कशाला?"

"रक्त. शेठचा खून होतो ना, कट्यारीनं."

"कुठे होतो?"

"इथेच. गालिच्यावर."

मग तुम्ही गालिच्याच्या मधोमध जाऊन उभे राहता. दिग्दर्शक येतात, समजावतात, की चित्रपट काळा-पांढरा आहे, डाग पडद्यावर कळणारसुद्धा नाही. तुम्ही म्हणता, "अहो साहेब, आमचे वडील रंगीत बघतात." ते म्हणतात, गोष्टीत तसंच लिहिलंय. तुम्ही म्हणता, "मग गोष्टीतला गालिचा आणा." शेवटी वैतागून ते विचारतात, मग शेठला मारायचं तरी कसं, आणि तुम्ही, ज्यांनी आयुष्यात एकही रहस्यकथा वाचली नव्हती, सांगता, "दुधातून काहीतरी द्या. ग्लास लहान घ्या म्हणजे सांडणार नाही."

असा तो शेठ विष घातलेल्या दुधानं मेला. पण शेठचं काम करणाऱ्या नटाला दमा होता आणि अनेक लग्नांची धूळ प्यायलेल्या गालिच्यावर पाठ टेकायला तो काही तयार होईना. दिग्दर्शक तुमच्याकडे वळले. "गालिचा तुमचा, दूध तुमचं. आता तुम्हीच झोपा." तुमच्या केसांना पावडर फासली, अंगावर शेठचा अंगरखा चढवला आणि तुम्हाला उताणं झोपवलं. डिटेक्टिव्ह तुमच्या उशाशी उभा राहून बोलायला लागला आणि मध्येच वाक्य विसरला. तो आठवत राहिला. दिग्दर्शकाला वाटलं, काय सुरेख विचारात पडलाय, आणि त्यांनी कॅमेरा चालूच ठेवला. त्या लांबलेल्या शांततेत, खाली उजव्या कोपऱ्यात, तुमचं पोट वर गेलं आणि खाली आलं.

तुम्ही हे कधीच मान्य केलं नाहीत. "थिएटरचं मशीन हलत होतं," हे तुमचं उत्तर. आईचं म्हणणं, मशीन हललं तर डिटेक्टिव्ह का नाही हलला? ही तुमच्या संसारातली सगळ्यात जुनी तक्रार, कारण ती लग्नाच्याही आधीची. मध्यस्थानं आईच्या घरी सांगितलं होतं, मुलगा सिनेमात दिसतो. सगळं घर मुलगा बघायला थिएटरात जाऊन बसलं. पहिल्या दहा मिनिटांत मुलगा मेला. आईची आजी मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, हा तर म्हातारा आहे." मध्यस्थ अंधारात कुजबुजला, "पावडर आहे हो ती." आईचे वडील म्हणाले, "स्वभावानं शांत वाटतो." आणि आईनं, जिला कुणी विचारलंच नव्हतं, घरी आल्यावर सांगितलं, "श्वास घेतो. मला चालेल."

पुढे त्या चित्रपटाचे अवतार निघत गेले. माझ्या लहानपणी एक रंगीत आला, मग एक हिंदीत. नवा निघाला की तुम्ही शर्टाला इस्त्री करून आम्हा दोघींना घेऊन जायचात. मूळ गोष्टीत खुनी पुतण्या होता. पहिल्या चित्रपटात तो कारभारी झाला, रंगीतमध्ये डॉक्टर, हिंदीत शेठचा जुळा भाऊ, तोही गाणं म्हणणारा. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही फक्त प्रेताकडे बघायचात. रंगीतमधल्याला तुम्ही म्हणालात, "पायाची बोटं ताणून धरलीत. मेलेला माणूस इतका सावध नसतो." हिंदीतल्याचं तर तुम्ही नावच टाकलंत: "हा मेलेला नाही, रुसलाय." पण दुधाचा ग्लास आला की तुम्ही मला कोपर मारायचात. प्रत्येक चित्रपटात ग्लास यायचाच, लहानसा. मूळ पुस्तक उघडून बघायचे कष्ट एकानंही घेतले नव्हते. सगळ्यांनी पहिल्या चित्रपटाची नक्कल केली, म्हणजे आपल्या गालिच्याची.

शाळेत असताना मी पहिली गोष्ट लिहिली होती, तीही खुनाची. बंगला, वादळ, छातीत सुरा, रक्ताचं थारोळं. तुम्ही दुकानात लोडांच्या ढिगाला टेकून ती वाचलीत आणि विचारलंत, "हे पुसलं कुणी?" मी म्हणाले, "बाबा, गोष्ट आहे." तुम्ही म्हणालात, "अगं, एवढं रक्त सांडलंस आणि पुढच्या पानावर तिथेच चहा पितायत. घर बघणारं कुणी आहे का नाही?" मी रडले. पण आज मी पोटासाठी दुसऱ्यांच्या मालिका लिहिते, आणि कुणाला मारलं की आधी मला फरशी दिसते. आमच्या धंद्यात याला बारकाव्याची जाण म्हणतात.

तर आता चौथा अवतार निघतोय. सिनेमा नाही, मोबाईलवर बघायची मालिका, आणि तिचे संवाद मी लिहितेय. दिग्दर्शक तिशीचा मुलगा आहे, आधी हिंजवडीत नोकरी करायचा. कोथरूडमध्ये त्याचं ऑफिस आहे, त्याच्या दारावर "बेल एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही" असं लिहिलंय, आणि ते त्यानं नाही, आधीच्या भाडेकरूनं लिहिलंय. या वेळी खुनी खुद्द डिटेक्टिव्ह आहे. मालिकेबरोबर तुमचा जुना चित्रपटही स्वच्छ करून दाखवायचा त्यांचा बेत आहे. हा मुलगा पहिल्या भेटीपासून माझ्या मागे लागलाय. "मॅम, ते दूध. व्हाय मिल्क? मूळ कथेत तर कट्यार आहे. दिग्दर्शकानं कट्यार टाकून दूध घेतलं, म्हणजे किती खोल विचार असेल. तुम्ही यावर एक लेख द्या ना, प्रसिद्धीसाठी." मी टाळत राहिले. कारण मला माहीत होतं आणि सांगवत नव्हतं.

स्वच्छ केलेली प्रत बघायला मी आईला घेऊन गेले. आईचे गुडघे आता जिने चढत नाहीत, पण तुम्हाला बघायचं म्हणून दोन मजले चढली. संगणकावर चित्रपट साफ करणारी मुलगी नागपूरकडची आहे, शहाणी आणि कामसू. तिनं आईला गादीची खुर्ची दिली. दिवाणखाना आला. झुंबर असं लखलखत होतं की आई म्हणाली, "हे एवढं कधी पुसलं होतं आपण?" मग तुम्ही आलात. डिटेक्टिव्ह वाक्य विसरला. आई पुढे वाकली. मीही वाकले. तुम्ही पडून राहिलात.

"हे कोण?" आई म्हणाली.

"अगं, बाबा."

"छे. हे श्वास कुठे घेतायत?"

ती मुलगी खूश होऊन म्हणाली, "आजी, तोच तर सगळ्यात अवघड शॉट होता ना! पोट हलत होतं त्यांचं. मी एकेक चित्र घेऊन पूर्ण स्थिर केलं. आता बघा, एकदम मेलेले वाटून राहिले."

बाबा, पन्नास वर्षं तुमच्या श्वासावरून तुम्हाला टोचणारी ही बाई, तिनं पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं हसतेय. हसत नव्हती.

तुमचे फोटो आहेत, दहा-बारा, सगळे ताठ. हलणारे तुम्ही कुठेच नाही. निम्म्या पुण्याच्या लग्नांच्या व्हिडिओत आपला सोफा आहे, आपलं झुंबर आहे, आणि तुम्ही बाहेर टेम्पोजवळ उभे आहात. तुम्ही जिवंत असल्याचा जगात एकच हलता पुरावा होता, आणि तो म्हणजे तुम्ही मेलेल्याचं वाईट काम केलंत तो.

आमच्याबरोबर बघत बसलेल्या दिग्दर्शकाला मी म्हणाले, तो श्वास परत घाला.

"मॅम, ती चूक आहे."

"चूकच आहे. परत घाला."

"लोक हसतील. मीम्स करतील."

"करू देत की," आई मागून म्हणाली. "मी लग्नाआधीपासून हसतेय. काही झालं का त्यांना?"

तो मान हलवत राहिला. पैसे घालणाऱ्यांना पटणार नाही, शॉट आता इतका क्लीन झालाय, वगैरे. तेव्हा मी तुमच्याच धंद्याला शोभेल असं केलं. म्हणाले, "तुला दुधाचा लेख हवाय ना? देते. पण तो श्वास जसा होता तसा मिळाला तर." त्यानं दोन मिनिटं विचार केला. डिटेक्टिव्हसारखा नाही, खरोखरचा. आणि हात पुढे केला.

लेख मी लिहिला. दूध म्हणजे वात्सल्य, ज्या हातानं पोसायचं त्याच हातानं मारायचं, काळ्या-पांढऱ्या चित्रपटातला तो एकमेव शुद्ध पांढरा रंग, असं बरंच काही. दिग्दर्शक फोनवर जवळजवळ गहिवरला. गालिच्याचा उल्लेख नाही. तुमचं गुपित बाजारात जाण्यापेक्षा घरात बरं.

परवा आम्ही दोघी परत गेलो. त्या मुलीनं जुनी प्रत शोधून तेवढा तुकडा पुन्हा बसवला होता. जरा नाराज होती. तिच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, आणि तिच्यासाठी आईनं डब्यात साबुदाणेवडे नेले होते. झुंबर. शेठ. डिटेक्टिव्ह बोलता बोलता थांबतो. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, आपल्या लाल गालिच्यावर, जो तिथे राखाडी दिसतो, तुमचं पोट वर जातं.

"बघ!" आई ओरडली. "घेतला की नाही? आयुष्यभर मला खोटं पाडलं ह्यांनी."

मुलीनं वडा खाली ठेवून मला विचारलं, "मॅडम, आता कोणी विचारलं की हे का हलतं, तर काय सांगू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सांग, थिएटरचं मशीन हलत होतं."

आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती तुमच्याकडे बघायची.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही. तुमचा पत्ता मिळाला तरी मी पाठवणार नाही, कारण त्यात एक गोष्ट आहे जी तुम्ही वाचलीत तर पुन्हा कधी माझ्याबरोबर सिनेमाला येणार नाही. घरी आल्यावर मी तो तुकडा एकटीनं पुन्हा पुन्हा पाहिला. आई म्हणते एकदा. डिटेक्टिव्हला वाक्य आठवतं आणि तो तोंड उघडतो, तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. बाबा, तुम्ही दोनदा घेतलात. आईला मी सांगितलेलं नाही.