पयल्या खाटेवर मी

आदिलाबाद, ३ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप यशवंतदादांना भागीरथाचा सविनय जयभीम.

तुमची कंबर कशी आहे? वहिनीचा दमा कमी झाला का? मंचेरियलच्या कोळशाच्या धुळीत खिडक्या लावून बसा म्हणावं. इकडं सगळे मजेत, एक मी सोडून. तीन दिवसांपासून मले अन्न गोड लागून नाही राह्यलं.

तुमाले ठाऊकच आहे, इथल्या केबलवर मराठीत बातम्या सांगणारी पयली बाई मीच. (खोली कापडाच्या दुकानावर, मागं पडदा म्हणून आईचं हिरवं लुगडं, अन् आवाज फरफरते म्हणून पंखा बंद.) शाळा सुटली का मी तिथं. पोलिओचे डोस, कापसाचा भाव, हरवलेली म्हैस, सगळं सांगते. पण नाव झालं ते रक्तदानानं. भीमपूरची एक बाळंतीण रक्त न मिळून गेली, तवापासून दर रविवारी मी हसून सांगते का भिऊ नका, मुंगी चावल्यासारखं वाटते. दोन वर्षं झाली सांगून राह्यली. दादा, मी सोता एकडावबी देल्लं नाही! सुई पाह्यली का माझे डोळे पांढरे होतात. (शाळेत टोचायले आले तवा मी कापसाच्या गंजीत लपली होती अन् तुमीच पाय धरून ओढलं. ते मी अजून माफ केलं नाही.)

मागच्या रविवारी बेला गावच्या प्रयागबाईनं फोन लावला अन् चालू कार्यक्रमात इचारलं, "बाई, तुमी किती डाव देल्लं?" माझं तोंड सुकलं. अन् त्या सुकल्या तोंडातून निघालं का येत्या रविवारी तुमच्यासमोरच देते. झालं! आता सहा डिसेंबरच्या निमित्तानं खाली दुकानामागच्या हॉलात शिबिर, वरून वायर ओढून थेट प्रक्षेपण, अन् पयल्या खाटेवर मी. एकेचाळीस जणांनी नावं देल्ली, पण म्हणतात पयले बाई. मी पळाली तर एकबी येणार नाही, अन् भीमपूरसारखं पुन्हा कोणाचं तरी होईन. देल्लं तर मी मरीन, असं मले खरंच वाटून राह्यलं. फळ्यावर लिहिताना अक्षरं नागमोडी जातात. हेडमास्तर इचारतात थंडी वाजते का. मी हो म्हणते.

काय करू ते तुमीच सांगा. पोरांना आशीर्वाद.

आपली धाकटी बहीण,
भागीरथा

ता. क. पत्र टाकायचं राह्यलं, आज रविवार संध्याकाळ. देल्लं, दादा! प्रयागबाईचा हात धरून, डोळे मिटून. मुंगी नाही, चांगला इंचू चावते. पण सुई पाहून कॅमेरेवाला दौलतच धपकन पडला, कॅमेरा भुईले लागला अन् ओढाताणीत वायर तुटली. सुई टोचल्यावर घरोघरी लोकांनी फक्त धप्प आवाज अन् "पाणी आणा, पाणी आणा" ऐकलं, मग अंधार. दोन तासांत भीमपूरहून जीप भरून लोक माझ्या मयतीले हजर! त्यात त्या बाळंतिणीचे सासरे मारोतराव. मले बिस्कीट खाताना पाहून म्हातारा हमसून रडला, मलेबी राहवलं नाही. मग डॉक्टरसायबानं, आलेच आहात तर, म्हणून जीपच्या जीप खाटांवर निजवली. एकूण छप्पन्न झाले.

ता. क. २. खरं काम राह्यलंच. टीव्हीवर रक्त देताना काही दिसलं नाही, म्हणून तीन महिन्यांनी बाईनं पुन्हा द्यावं, असं लोकांचं म्हणणं, अन् मी हो म्हणून बसली. तुमी दवाखान्यात कंपौंडर. माझ्या अंगात रक्त कमी असल्याचा कागद मार्चच्या आत पाठवा. (सुई टोचायच्या आधी डॉक्टरसायब म्हणाले होते, एवढं चांगलं रक्त जिल्ह्यात पाह्यलं नाही. तेवढंच मेलं सगळ्या गावांत साफ ऐकू गेलं.)