लायब्ररीतला आकडा

पावस, दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. नितेश,

तुझी आई, म्हणजे माझी धाकटी यमू, खुशाल आहे. नारळ उतरवून झाले. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांच्या सानवीशी तुझा विवाह ठरल्याचा संदेश मिळाला. त्यातील ऱ्हस्वदीर्घाबद्दल आज लिहीत नाही.

मी हल्ली सोसायटीत जात नाही. तुझ्या सल्ल्यावरून तेथील संगणकाचा पासवर्ड बदलण्यात आला. मग जाण्याचे प्रयोजन उरले नाही. धाकू तांडेल कुबडीवर चालू लागला आहे. परवा धक्क्यावर सर्वांदेखत म्हणाला, "मास्तर, तुमच्या आकड्यावर होडी घातली नि पाय गेला माझा. आता तो आकडा ताईत करून बांधा गळ्यात!"



तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर ती सामायिक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येईल असा संगणकावरचा संच, मी लिहिली. खाडीच्या मुखाशी वाळू सरकते; कारकून बांबूने पाणी मोजून नवा आकडा भरतो आणि तो लायब्ररीतल्या चलात, तुमच्या व्हेरिएबलमध्ये, जातो. त्यावर तू पायथन भाषेत होडीवाल्यांच्या मोबाइलसाठी ॲप बांधलेस. बाहेरच्या लायब्ररीतला चल वाचायचा, तर दर वेळी त्याच्या पत्त्यावर जावे लागते. तू एकदाच गेलास, आकडा स्वतःच्या चलात उतरवून घेतलास आणि महिनाभर तोच दाखवलास. लायब्ररीत उथळ पाण्याचा नवा आकडा होता. धाकूला जुना, खोल पाण्याचा दिसला आणि त्याची होडी वाळूवर आपटली.

अपघातानंतर तुझा प्रोग्रॅम वाचून मी हे तुला फोनवर सांगितले होते. तरी सोसायटीच्या सभेत तू म्हणालास, "मामांची लायब्ररी जुनी आहे, चुकते कधीकधी." यमू माझ्या दारात रडली. "दादा, जुळत आलेलं लग्न मोडेल रे पोराचं. तुझं काय, तुझं वय झालं!" वय झालेल्या माणसाला अब्रू नसते, असा तिचा समज. मी गप्प राहण्याचा शब्द दिला.

पण दुरुस्ती केली तर चूक कबूल होईल, म्हणून तू ती आजवर केली नाहीस. रोज भरतीला मी स्वतः बांबू घेऊन मुखाशी पाणी मोजतो आणि होड्यांना ओरडून सांगतो. पोरे हसतात. काल एक होडी न ऐकता गेली आणि तळ घासून परतली.

रविवारच्या सभेत मी सर्व सांगणार आहे. यमूला दिलेला शब्द आज सकाळी मागे घेतला. तिने दार लावून घेतले. हे पत्र शुक्रवारी तुझ्या हाती पडेल. धाकूकडे आधी तू जावेस, एवढ्यासाठीच लिहिले.

रविवारपर्यंत तुझा मामा,
आत्माराम