हौसाबाईंची तक्रार खरी होती

मी, केसरीनाथ दामू भोईर, वय अडुसष्ट, राहणार खारबाव, तालुका भिवंडी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पत्नी कलावती हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा रामू याचे. कलावतीचा भाऊ दौलत याला तिथे मुक्कामाला ठेवू नये. तिला वाईट वाटेल, पण कारण पुढे आहे.

२. निवृत्तीच्या वेळी मालकांनी दिलेले मनगटी घड्याळ रामूने हातात घालू नये. "केसरीनाथच्या वेळी एकही तक्रार नाही," म्हणून ते मिळाले होते.

३. मी भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मॅनेजर होतो. १९८६ साली कांड्यांवर सूत भरणाऱ्या हौसा नामा जाधव यांनी तक्रार केली, की मिस्त्री दौलत अंगाला हात लावतो. मी स्वतः ते एकदा पाहिले होते. तरी त्यांना बाजूला बसवून विचारले नाही. लूम थांबवून, दौलत आणि तीस कामगारांपुढे उभे केले व म्हणालो, "काय झालं ते सगळ्यांदेखत सांग." त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. वहीत 'तक्रार खोटी' असे मी लिहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढले. मेहुण्यावरून घरात भांडण नको, एवढ्यासाठी.

४. गेल्या महिन्यात पडघ्याला त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. मृत्युपत्रात खरे लिहीन म्हणालो. हौसाबाई भाजी निवडत होत्या.

"तुमी मेल्यावर? मी जिती हाय. सगल्यांसमोर खोटी ठरवलीत, सगल्यांसमोरच सांगा."

"कारखान्यात अजून दौलत आहे."

"तवा पन होता."

काल दुपारी, शिफ्ट बदलताना, कारखान्यात उभे राहून मी वरचे तिसरे कलम वाचले. दौलत अर्ध्यातून निघून गेला. माझा आवाज दोनदा बसला. कोणीतरी पाणी दिले, सगळे थांबले. हौसाबाईंना मी तेवढीही सवड दिली नव्हती. त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर पडघ्याच्या गाडीला गेल्या. माझ्याकडून त्यांना काही नको आहे. या कागदाची नक्कल मात्र आजच त्यांच्याकडे पोचवावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

ठिकाण : भिवंडी
दिनांक : १४ फेब्रुवारी १९९७
सही : केसरीनाथ दामू भोईर

साक्षीदार : ही सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. १९८६ साली त्या तीस जणांत आम्हीही होतो आणि गप्प राहिलो.

१. नवशा कोंडू तरे (सही)
२. जानू रामा वाघे (डाव्या अंगठ्याचा ठसा)