फवारणीचा पंप कोणालाही देऊ नये

मी, बाईजा यमाजी घुडे, वय आधार कार्डाप्रमाणे एकाहत्तर, खरं वय आईला ठाऊक होतं, धंदा शेती व मजुरी, राहणार उंबरपाडा, टोकावड्याजवळ, तालुका मुरबाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. दुसरीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कोणी धाक घालून लिहून घेतलेलं नाही. घरात तेवढी हिंमत कोणात नाही.

१. ओढ्याकडचं भाताचं शेत मुलगा संजू यास. तो भातसानगरला धरणावर नोकरीला आहे, चिखलात पाय घालत नाही, तरी हक्क आहे. फार्महाऊसवाल्याला विकलंस तर माझा फोटो भिंतीला लावू नकोस.

२. राहतं घर व सिद्धगडाच्या बाजूची वरकस, नाचणी-वरईची उताराची जमीन नात रविना हिला. ती माझ्या मयत मुलीची, जिवलीची मुलगी. कलम चार वाचून ती माझ्या दहाव्याला आली नाही, तरी घर तिचंच. संजूने वाद घालू नये.

३. कोयता, विळे, दोन घमेली शेजारच्या राहीला. तशीही तिच्याकडेच असतात. फवारणीचा पंप कोणालाही देऊ नये. फोडून भंगारात घालावा.

४. कारण असं. बारा वर्षांमागे त्याच वरकसात जुन्या वस्तीची खणती झाली. शहरातले सर आले. मुकादम माझा चुलत दीर धाऊ. मी आणि जिवली मजुरीला. खापर निघालं की ते कापसात ठेवायचे. बायांना आडोसा नव्हता, डोक्याला फडकं. खड्डा दोन पुरुष खोल गेला, कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या. उपसलेली माती धाऊने कडेलाच रचली. मी म्हटलं, "सर, भिंत कलती घ्या, नायतर बसंल."

"मावशी, कलती घेतली तर थर नीट दिसत नाहीत. तुम्ही तुमचं काम करा."

शेवटच्या दिवशी फोटो होता. थरांचे रंग उठावेत म्हणून भिंतीवर पाणी मारतात. पंप माझ्या पाठीवर. जिवली खाली कुंच्याने तळ झाडत होती. दोनदा मारलं. सर म्हणाले, "अजून एकदा." भिजला बांध बसतो हे मला लहानपणापासून कळतं. तरी मी तिला वर ये म्हटलं नाही. खणतीच्या पुस्तकात नाव घालतो असं सर म्हणाले होते, आणि फोटो चांगला यावा असं मलाही वाटत होतं. तिसऱ्यांदा पाणी मारलं आणि भिंत आली.

हातांनी उपसलं. पाय आधी सापडले.

माती कडेला टाकली म्हणून सगळ्यांनी धाऊला धरलं. मीही. पाण्याचं कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बारा वर्षं त्याच्या दारावरून जाताना थुंकले. पुढे पुस्तक निघालं, रविनाने कॉलेजातून आणून दाखवलं. प्रत्येक खापराला नंबर आहे. जिवलीचं नाव नाही. माझंही नाही.

५. धाऊशी धरलेलं वैर मी मागे घेते. काल त्याला बोलावून वरचं वाचून दाखवलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा.

"मला म्हाईत व्हतं, वयनी. मी वरून बघत व्हतो."

"मग बोलला का नाय रे, मुडद्या?"

"माती मीच टाकली व्हती. आन बोललो असतो तं तू जगली असती का? जिवलीची पोर धा वर्षांची व्हती, तिला कोनी बघितलं असतं?"

तो साक्षीदार असल्याने त्याच्या नावे काही ठेवता येत नाही, असं वकील सांगतो. चहा दिला.

६. जिवलीची माती खरवडायची करणी रविनाला. ती पुरातत्त्व शिकली, पौषात पहिल्या खणतीला जायची आहे. दिवाळीत तिने विचारलं, "आजी, जाऊ ना गो?" मी उठून चुलीकडे गेले. उत्तर इथे देते. जा. माती कडेपासून लांब टाकायला लाव. कड पायऱ्या-पायऱ्यांनी उतरव. हेल्मेट सगळ्यांना, घमेलं उचलणारीलाही. आणि पाणी मारायच्या आधी, सर काहीही म्हणोत, वाकून खाली बघ. जो असेल त्याला नावाने हाक मार.

मी मारली नाही.

स्थळ: उंबरपाडा
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

सही: बाईजा यमाजी घुडे

बाईजाबाईंनी शुद्धीत, आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार:
१. जयश्री कमळू देसले, अंगणवाडी सेविका
२. धाऊ भिमा घुडे, मुकादम. सगळं ऐकून सही केली.